शेजारची सीट

कूम बार्टन, डेव्हन
९ फेब्रुवारी

कोरी,

फोन तू उचलत नाहीस, मेसेज तुझ्यापर्यंत पोचत नाहीत, म्हणून आता कागद. कागद ब्लॉक करता येत नाही. फाडता येतो, पण तू कितीही रागावलीस तरी भोचक आहेस, फाडायच्या आधी वाचशीलच.

घाबरू नकोस, तुझी अट मी पाळणार आहे. 'त्या माणसाबद्दल एक अक्षर मला ऐकायचं नाही' असं मी आयोवा सोडताना तू मला विमानतळावर बजावलंस, तर या पत्रात त्याचं नाव येणार नाही. तुझे बाबा गेल्यानंतर दीड वर्षात तुझ्या आईने एका इंग्रज माणसाशी लग्न केलं आणि ती त्याच्या गावी राहायला आली, हे तुलाही ठाऊक आहे आणि मलाही. त्यात नवीन सांगण्यासारखं काही नाही. मी तुला नुसतं माझ्या ड्रायव्हिंगबद्दल लिहिणार आहे. त्यावर तर तुझा राग नाही ना?

तर ऐक. तुझ्या आईच्या गाडीला 'एल'ची पाटी लागली आहे. पुढे एक, मागे एक, ठसठशीत लाल अक्षरात.

हस. खुशाल हस. जिने जन्मभर मेपल फोर्कच्या शाळेची पिवळी बस चालवली, बर्फाच्या वादळात लोकांची पोरं सुखरूप घरोघर पोचवली, ती आता शिकाऊ आहे. अमेरिकेचं लायसन्स इथे एक वर्ष चालतं. ते वर्ष मी 'मला कोण काय शिकवणार' अशा तोऱ्यात घालवलं. वर्ष संपलं तसा त्या लायसन्सचा नुसता फोटो उरला. आता पहिलीपासून सुरुवात. आधी लेखी परीक्षा, मग रस्त्यावरची. आणि पास होईपर्यंत एकटीने गाडी बाहेर काढायची नाही. शेजारच्या सीटवर इथलं जुनं लायसन्स असलेलं माणूस बसलेलं हवं, तसा कायदाच आहे. कोण बसतं ते विचारू नकोस.

मला शिकवायला मॉरीन हेक्स्ट नावाची बाई येते. माझ्याच वयाची, तोंडाने फटकळ. पहिल्या दिवशी मी तिला माझ्या बसच्या कथा ऐकवल्या, तर म्हणाली, "अगं बाई, तीच तर पंचाईत आहे. सतरा वर्षांच्या पोराला मी सहज तयार करते. त्याच्याकडे विसरण्यासारखं काही नसतं."

आणि खरंच गं, मोकळ्या रस्त्यावर माझं डोकं उजवीकडेच धावतं. गर्दी असली की बरं, पुढच्याच्या मागे जायचं. पण शेताच्या फाटकातून रिकाम्या रस्त्यावर आले, की हात आपोआप गाडी उजव्या बाजूला घेतात आणि मॉरीन शांतपणे म्हणते, "मार्लिस, समोरून कुणी आलं तर आपण दोघी मरू हं."

त्यात भाषा. आपल्या ट्रंकला इथे बूट म्हणतात, हूडला बॉनेट, गॅसला पेट्रोल. ते एक वेळ ठीक. पण आपल्याकडे पेव्हमेंट म्हणजे गाड्यांचा रस्ता, आणि इथे माणसांनी चालायची कडेची फरसबंदी! मॉरीन ओरडली, "पेव्हमेंटवर चढू नकोस!" मी म्हटलं, मग गाडी चालवू कुठे? ती इतकी हसली की तिला डोळे पुसावे लागले.

दुकानात, टपालात, चर्चच्या दारात, जो तो मला विचारतो, "काय, बरंय ना?" सुरुवातीला मला वाटायचं, किती माया आहे लोकांना! मी थांबून सगळं सांगायचे, कंबर, झोप, तू बोलत नाहीस ते. दुकानातल्या शीलाला मी असंच सगळं सांगितलं. मागे रांग लागली, कुणी चकार शब्द काढला नाही. नंतर घरी कळलं, की उत्तर द्यायचंच नसतं. 'बरंय, तुमचं?' म्हणायचं आणि पुढे जायचं.

तुझी फार आठवण येते. ही गोष्ट ड्रायव्हिंगची नाही, पण लिहिली.

आई


२१ मार्च

कोरी, माझ्या बाळा,

तुझं पत्र आलं. चारच ओळी, पण तुझ्या हातच्या. पाकीट मी दुपारपर्यंत उघडलंच नाही. टेबलावर ठेवून त्याच्याभोवती फिरत राहिले.

तर जूनमध्ये कंपनीच्या कामाला तू लंडनला येणार आणि शनिवार-रविवार मला देणार. 'येईन, पण त्या घरात पाऊल टाकणार नाही आणि त्या माणसाचं तोंड बघणार नाही. तू आणि मी. पूर्वीसारखी गाडी काढू, कुठेतरी लांब जाऊ.' मान्य! सगळं मान्य. समुद्राजवळ एका बाईकडे दोन खोल्या भाड्याने मिळतात, त्या आत्ताच सांगून ठेवल्या. तू एक्सेटरहून छोटी गाडी पकडून आमच्या स्टेशनवर उतर. मी न्यायला येईन. एकटी.

आता तुला कळलं असेल, की मला पास व्हायलाच हवं. परीक्षा मेच्या मध्यावर आहे. एकदा नापास झालं की पुढची तारीख कधी मिळेल त्याचा नेम नाही, लोक महिनोन्महिने वाट बघतात. म्हणून मी रोज सराव करते. घरातलं माणूस शेजारी बसतं, खिडकीबाहेर बघत, एका अक्षराने बोलत नाही. परवा मी सायकलवाल्याच्या इतक्या जवळून गेले की त्याची टोपी उडाली. तेव्हा फक्त एवढंच आलं, "टोपी तशीही जुनी होती."

बघ, सांगायचं नाही म्हणते आणि सांगते. आणखी एकच सांगते, मग नाही. इथे आल्यावर पहिल्याच आठवड्यात मला विचारलं गेलं, "आज टीला काय आहे?" मी छान चहा केला, बिस्किटं ठेवली. चहा पिऊन झाला, आभार मानले, कप धुतला, आणि माणूस झोपायला गेलं. असं तीन रात्री चाललं. शीला म्हणाली, "अगं, टी म्हणजे रात्रीचं जेवण! तू त्याला उपाशी मारतेस?" मी धावत घरी आले. बोलला का नाहीस, म्हणून भांडले. तर उत्तर काय? "मला वाटलं, अमेरिकेत एवढंच खात असतील."

यावर मी हसले, आणि मग मला रडू आलं, कारण तुझ्या बाबांनी पहिल्याच रात्री ताट वाजवलं असतं.

इथे रस्ते म्हणजे दोन हिरव्या भिंतींमधली फट. दोन्हीकडे माणसापेक्षा उंच बांध, त्यावर झाडी. पुढचं वळण दिसत नाही, मग त्यापलीकडचं काय दिसणार. आपल्याकडे दोन मैलांवर धूळ उठली की तुझे बाबा सांगायचे, हा ऑलाफ, हा पाद्रीबुवा, ही कोरी, आज उशिराच निघालेली दिसते. मला ती धूळ हवी आहे गं. कधी कधी मी बांधावर चढून नुसती लांब बघत उभी राहते, पण लांब काही नसतंच, पुढचा बांध असतो.

जून. मी पास होणार.

आई


१५ मे

कोरी,

नापास.

कशात, ते ऐक. गाडी मागे घेणं, चढावर थांबणं, सगळं चोख झालं. मग ते गोल सर्कल आलं. नियम सोपा आहे, उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, कुणी नसेल तर आपण निघायचं. मी पोचले. उजवीकडे कुणी नव्हतं. डावीकडच्या रस्त्यावर एक म्हातारे गृहस्थ माझ्यासाठी थांबले होते. आता तू मला सांग, मेपल फोर्कच्या चौकात आपण काय करतो? चारही बाजूंनी गाड्या थांबतात, आणि जो म्हातारा असेल, ज्याच्या गाडीत पोरं असतील, त्याला आपण हाताने 'या, या, तुम्ही आधी' करतो. न करणाऱ्याला गावात कुणी विचारत नाही. माझा हात आपोआप वर गेला. या काका, तुम्ही.

ते इंग्रज. ते कसे आधी जातील? त्यांनी दिवे उघडझाप करून मला सांगितलं, नाही नाही, तुम्ही. मी पुन्हा हात केला. त्यांनी पुन्हा दिवे मारले. माझ्यामागे गाड्या साचल्या, त्यांच्यामागे साचल्या. एकानेही हॉर्न वाजवला नाही. सगळं गाव नुसतं सभ्यपणे थांबून राहिलं.

परीक्षक तरुण होता, स्वभावाने चांगला. शेवटी म्हणाला, "बाई, तुमचा हक्क होता. तुम्ही घ्यायला हवा होता. तुम्ही घेत नाही म्हटल्यावर बाकीच्यांना काही कळत नाही." आणि कागदावर खूण केली. नवी तारीख थेट सप्टेंबरमध्ये.

म्हणजे जूनमध्ये मी तुला एकटी न्यायला येऊ शकत नाही.

मॉरीनला कळलं तशी ती घरी आली. म्हणाली, "त्यात रडतेस काय? मी बसते की शेजारी. दोन दिवस मागच्या खोलीत पडून राहीन, तुम्हा मायलेकींना कळणारही नाही." घरातूनही तेच. "मी बहिणीकडे जातो. मुलगी येतेय तुझी. मी काय, आहेच." आणि सुटकेस खरोखरच माळ्यावरून खाली आली.

कोरी, मी मॉरीनला हो म्हणाले. मग रात्रभर पडून राहिले, आणि सकाळी जाऊन नाही म्हणाले.

क्लाइव्ह. घे, लिहिलं नाव.

तो माझ्या शेजारी बसतो. रोज बसतो. मी त्याला झाडीत घातलं आहे, खड्ड्यात घातलं आहे, एकदा तर मेंढ्यांच्या कळपात, आणि तो मुकाट्याने उतरून मेंढ्या बाजूला करतो आणि पुन्हा येऊन बसतो. तू यायची म्हणून त्याने स्वतःच्या घरातून स्वतःची बॅग घेऊन निघायचं, आणि मी तिथे मॉरीनला बसवून तुला दाखवायचं, की बघ, तुझी आई एकटीच आहे? मी एकटी नाही गं. एकटी होते. तुझ्या बाबांच्या मागे त्या घरात मी दिवसाकाठी एका माणसाशी बोलायचे, आणि ते रेडिओवरचं असायचं. तू लांब शहरात होतीस, तुझं काम होतं, तुझा दोष नाही.

म्हणून असं ठरलं आहे. गाडी मी चालवणार. शेजारी क्लाइव्ह बसणार. तुला मागे बसावं लागेल. समुद्रावर गेल्यावर तो त्याचा बाजूला जाईल, आपल्याला दिवसभर मोकळं सोडेल, तेवढं तो करतो म्हणाला आणि तेवढं मी मान्य केलं. पण गाडीत तो असणार.

पटत नसेल तर येऊ नकोस. हे वाक्य लिहायला मला अख्खी दुपार लागली. तू आली नाहीस तर मी मोडून पडेन, हे तुला माहीत असावं. तरी लिहिते. त्या शनिवारी दुपारच्या गाडीला मी स्टेशनवर असेन. तू कळवलंस तरी आणि नाही कळवलंस तरी.

आई


२ जून

कोरी,

उत्तर नाही.

पोस्टमन रोज विचारतो, "बरंय ना?" मी म्हणते, "बरंय, तुमचं?" आता सवय झाली. काल त्याने हातात फक्त बियाण्यांचं सूचिपत्र दिलं. तुझ्याच कंपनीचं. मी ते अथपासून इतिपर्यंत वाचलं.

तुला मक्याचं कणीस भाजून लागतं. इथे शेतात मका असतो, पण गाईंसाठी. क्लाइव्ह कुठून तरी चार कणसं घेऊन आला आहे, म्हणतो, कोरिनसाठी असू देत; तुझं नाव तो पूर्णच घेतो.

आई


१८ जून

कोरी,

तू जाऊन तीन दिवस झाले. तू इथे असताना मला काही नीट बोलता आलं नाही, म्हणून पुन्हा कागद. आणि तू मागे बसली होतीस, मला आरशातून दिसत होतीस. मला जे दिसलं ते तुला माहीत नाही.

तू गाडीतून उतरलीस तेव्हा मी तुला ओळखलं ते चालण्यावरून. बाबांसारखे खांदे पुढे काढून, जणू वारा अंगावर येतो आहे. तू मला मिठी मारलीस आणि क्लाइव्हकडे बघून मान हलवलीस, दुकानदाराकडे बघून हलवतो तशी. त्याने तुझी बॅग घेतली. तू ती परत घेतलीस. 'गाडी वेळेवर होती,' एवढंच बोललीस आणि मागे जाऊन बसलीस. क्लाइव्ह पट्टा लावताना तीनदा चुकला. हे तुला मागून दिसलं नसेल.

मग ती गल्ली आणि तो दुधाचा टँकर. इथला रिवाज असा, की अरुंद रस्त्यात समोरासमोर आलं की ज्याच्या मागे रुंद जागा जवळ असेल त्याने मागे जायचं, मग तो कुणी का असेना. रुंद जागा आपल्या मागे होती, वळणाच्या पलीकडे. मला बस मागे घेता येते, ट्रॉली लावलेला ट्रॅक्टरही मागे घेता येतो. पण त्या हिरव्या भिंतींमध्ये, उलट्या बाजूला बसून, तू मागे तशी दगडासारखी बसलेली असताना, मला काही सुचेना. एकदा उजवीकडच्या बांधात घातली. पुढे घेतली. मग डावीकडच्या. आरसा झाडीत अडकला. टँकरवाला इंजिन बंद करून सँडविच खायला लागला. क्लाइव्ह म्हणाला, "आरामात, मार्लिस, दूध काही लगेच नासत नाही." आणि मी स्टिअरिंगवर डोकं टेकवलं.

तेव्हा मागून पट्टा सुटल्याचा आवाज आला. मी आरशात बघितलं. तू सीटवर गुडघे टेकून, पाठमोरी होऊन, मागच्या काचेतून बघत होतीस.

"आई, रडायचं नंतर. चाक सरळ कर. हं. आता ये. ये. ये. थांब! क्लाइव्ह, तुमच्या बाजूला किती आहे?"

क्लाइव्हने काच खाली केली, डोकं बाहेर काढलं. "वीतभर."

"माझ्या बाजूला हातभर आहे. आई, थोडी माझ्याकडे घे. माझ्याकडे म्हणजे उजवीकडे! क्लाइव्ह, सांगा तिला!"

"तुझी मुलगी म्हणतेय, उजवीकडे."

"ऐकलं मी!" मी दोघांवर ओरडले.

असं करत करत आपण ते वळण मागे घेतलं, तू मागे, तो शेजारी, दोघंही मला ओरडत. रुंद जागेत गाडी लागली. टँकर जवळून गेला, ड्रायव्हरने आभार म्हणून चाकावरचं एक बोट वर केलं, आणि आपण तिघांनीही एकदमच एकेक बोट वर केलं. मग तू हसलीस. क्लाइव्ह समोर बघत राहिला, पण कानापर्यंत लाल झाला होता.

समुद्रावर तो ठरल्याप्रमाणे लांब निघून गेला. आपण भिंतीच्या आडोशाला बसून मासे आणि बटाटे खाल्ले. पाऊस होता, वारा होता. आणि तू म्हणालीस, "बाबांना हा आवडला असता. हेच तर मला सहन होत नाही, आई. हा वाईट असता तर किती सोपं झालं असतं."

तेव्हा मी नुसते बटाटे तुझ्याकडे सरकवले. आता सांगते. मला तुझे बाबा रोज आठवतात. क्लाइव्हला ते माहीत आहे. मी कधी चुकून त्याला ड्वेन म्हणते आणि तो 'ओ' देतो. एकाला जागा दिली म्हणजे दुसऱ्याची गेली, असं मला वाटलंच नाही कधी. तुला वाटलं असेल तर ते माझ्या मुलीला वाटलं, म्हणजे ते मला ऐकायला हवं. ऐकलं मी. आणि तरी मी इथेच आहे.

तू गेल्यापासून मागची सीट मी झाडलेली नाही. तुझ्या बुटांचे ठसे आहेत तिथे, राहू देत.

आई


४ ऑक्टोबर

कोरी,

पास!

फोटो तुला पाठवला आणि तो पोचला (हो, आता पोचतो), तरी पत्र लिहिते आहे, कारण सवय लागली. सर्कल तेच होतं. डावीकडे एक बाई पोराबाळांसह थांबली होती. माझा हात उचलला जात होता, मी तो चाकावर दाबून धरला आणि निघाले. परीक्षक म्हणाला, "वाईट नाही." इथल्या भाषेत ती मोठी शाबासकी आहे.

पाट्या काढल्या आणि दुसऱ्याच दिवशी मी एकटी निघाले. किती वाट बघितली होती या दिवसाची! शेजारी कुणी लागत नाही, कायदा काही म्हणत नाही. मी स्टेशनवर गेले. काम काहीच नव्हतं. दुपारची गाडी आली, दोन माणसं उतरली, त्यात तू नव्हतीस. असणार नव्हतीसच. तरी गाडी सुटेपर्यंत मी उभी राहिले, मग घरी आले. क्लाइव्हने विचारलं, "कुठे गेली होतीस?" मी म्हटलं, "कुठे नाही."

आणि आज तुझं उत्तर आलं.

ते मी क्लाइव्हला वाचून दाखवलं. 'पास झालीस, म्हणजे पुढची सीट आता कायद्याने कुणाचीच नाही. तर ती माझी. वसंतात येते आहे, दोन आठवडे, आणि घरीच राहीन. तोवर क्लाइव्हना मागे बसव. गाडी मागे घेताना बघायला कुणीतरी लागतंच तुला.'

त्याने मला ते पुन्हा वाचायला लावलं. मग कोट चढवला, बाहेर जाऊन गाडीचं मागचं दार उघडलं, आणि एवढा उंच माणूस गुडघे छातीशी घेऊन मागे जाऊन बसला. आज बाजाराचा दिवस होता, तसेच आम्ही गावात गेलो. सगळं गाव बघत होतं. शीला दुकानाच्या दारातून ओरडली, "काय रे, भांडलात की काय?" त्याने आतून राजासारखा हात हलवला.

परत निघताना बटाट्यांची पिशवी मी पुढे ठेवायला गेले. त्याने मागून हात पुढे करून ती माझ्याकडून घेतली आणि आपल्या मांडीवर ठेवली.

"तिथे नको," म्हणाला. "ती कोरिनची जागा आहे."

आई